माझा आवाज कुणाकडे ठेवायचा

६ नोव्हेंबर १९९५, सातारा

कॅसेट आज पुरी झाली. पहिल्या वेळी कुकरची शिट्टी आली, दुसऱ्या वेळी गॅसवाला, तिसऱ्या वेळी मीच शिंकले. आता दोन्ही बाजू भरल्यात आणि शेजारच्यांच्या कुत्र्याने कृपा केली आहे.

नाव: ट्रंक कॉल. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढला, दुसऱ्या कशावर बोलणार? कोण कुणाशी काय बोललं ते नाही. ती गुप्ततेची शपथ आहे आणि पेन्शन सुरू झाली म्हणून ती सुटत नाही. फोनची वाट बघणाऱ्या माणसांबद्दल बोलले आहे. विट्याच्या बायका पोस्टात बाकावर बसून राहायच्या, नवरे कुठे कलकत्त्याला, कोईमतूरला सोनं गाळायच्या दुकानात. फोन लागला की रडायच्या, नाही लागला तरी रडायच्या. असं.

पुतण्या श्रीकांतचा पुण्याहून फोन. त्याला सांगितलं. "पण आत्या, हे ऐकणार कोण?"
म्हटलं, "तुझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट कोण बघतं?"
फोन लवकर संपला. आज रविवार नव्हता, तरी आपणहून केला होता बिचाऱ्याने.

प्रश्न मात्र बरोबर आहे. मी बोलले, झालं. आता हे बोलणं ठेवायचं कुणाकडे? घरातल्या कपाटात ठेवलं तर ते फक्त कपाट ऐकणार.

१० नोव्हें.

केबलवाल्या बापूला बोलावलं. याच्या वायरी आमच्या सदर बझारातल्या प्रत्येक झाडाला फास लावून गेल्यात. स्वतःचं चॅनेल काढलंय. चहा दिला, कॅसेट ऐकवली. पहिलीच बाजू, तीही पुरती नाही. पाय हलवत ऐकत होता.

"आवं मॅडम, लय भारी आवाज! लावू की. सांच्याला, पिच्चरच्या आदी."
पडद्यावर काय दिसणार?
"गुलाबाचं फूल."
तासभर?
"न्हाईतर कासचं तळं. खाली पट्टी फिरती ठिवायची. साड्यांचा सेल, मंगल कार्यालय. आन् तुमी मदी मदी गप बसताय न्हवं, तितं झ्याक जाहिरात बसती. जनू मुद्दाम जागा ठिवल्यागत."

मी गप्प बसते? म्हटलं, मी गप्प बसत नाही. ते माझ्यात नाही, कुणालाही विचार.
"बसताय की. लय येळा."

हाकलला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेस मला एलोक्युशनला उभी करायच्या आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या. शब्द तिथवर पोचला नाही की पुन्हा पहिल्यापासून. हा मला सांगतो मी मधेच थांबते. आणि माझ्या बोलण्यात साड्यांचा सेल!

१५ नोव्हें., सांगली

सकाळची एसटी. कराडपर्यंत उभी. "आजीला जागा द्या" असं एकजण म्हणाला, म्हणून नंतर मिळाली तरी बसले नाही.

आधी रेडिओवाले. गृहस्थ सभ्य. दहा मिनिटं देऊ म्हणाले, महिलांच्या कार्यक्रमात. आधी सगळं लिहून द्यायचं. विचारलं, लागल्यानंतर टेप कुठे ठेवता? म्हणाले, काही ठेवतो, बाकीच्या पुसून परत वापरतो.
"म्हणजे एकदा हवेत गेलं की संपलं?"
"मॅडम, रेडिओ असाच असतो."

चिडता आलं नाही. आमचा धंदाही हवेत जाणाऱ्या शब्दांचाच होता. पण तो दुसऱ्यांचे शब्द नेण्याचा. हे माझे आहेत, आणि तासाभराचे आहेत. दहा मिनिटांत मी नमस्कारसुद्धा नीट करत नाही.

मग मगदूम. एसटी स्टँडजवळ कॅसेटचं दुकान, मागे कॉप्या काढायचं मशिन. भजनं, कीर्तनं, तमाशा, इंग्रजी बोला, सगळं एका फळीवर. पोट सुटलेला, गळ्यात जाड साखळी, बोलायला गोड. त्याने मात्र कानाला हेडफोन लावून नीट ऐकलं. डोळे मिटून. माझ्यासमोर असा हेडफोन लावून बसलेला माणूस नोकरी सुटल्यापासून पाहिला नव्हता.

मग थांबवून म्हणाला, "बाई, एक विचारू? इथं कुणाची वाट बघताय?"

हेडफोन माझ्या हातात दिला. मी बोलतेय, बोलतेय, आणि एकदम काही नाही. फक्त घड्याळ. मग पुन्हा बोलतेय. पुढे तेच. पुन्हा तेच. दर तीन मिनिटांनी. त्याच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत खात्री केली.

ट्रंक कॉल तीन मिनिटांचा. संपला की ऑपरेटरने लाइनवर यायचं, तीन मिनिटं झाली म्हणायचं, आणि थांबायचं. समोरच्याने सांगायचं, वाढवा किंवा तोडा. हे इतकी वर्षं केलं की हाडात जातं. "तीन मिनिटं झाली" एवढं तरी म्हटलं नाही हे नशीब.

मगदूम: "काढून टाकू. मागं बासरी भरू. लोकांना मोकळं ऐकायला जमत न्हाई. टेप बिघडली म्हणून परत घेऊन येतील माझ्याकडं."

आणखी म्हणाला, कॅसेटच्या पाठीवरच्या टॅब मोडल्या नाहीत तुम्ही, कुणीही वरून रेकॉर्ड करेल. स्क्रूड्रायव्हर घेऊन मोडायलाच निघाला. म्हटलं, माझ्या वस्तूला हत्यार लावायचं नाही. हसला. ठेवून घेतो आठ-पंधरा दिवस, घरच्यांना ऐकवतो, मग कागद करू. ठेवली. पावती मागितली तेव्हा पुन्हा हसला.

१७ नोव्हें., सातारा

तीन मिनिटांनी थांबायचं ते ऑपरेटरचं. पण इतका वेळ? नियमात फक्त दोन शब्दांपुरतं थांबायचं असतं.

ते शालूसाठी आहे. आज दुपारी भांडी लावताना लक्षात आलं.

शालू सांगलीच्या एक्स्चेंजला. मी साताऱ्याला. कामावर आम्हाला नावं नव्हती, गावाच्या नावाने हाक. "सातारा, पुणे देतेस?" "सांगली, होल्ड." सगळ्या मुली तशाच. पण लाइन रिकामी असली की आम्ही दोघी. वरिष्ठांना माहीत होतं, कानाआड करायचे इतकंच. मी बोलायची. ती ऐकायची. मी थांबले की म्हणायची, "हं. मग?" तेवढंच. जन्मभर मी तिला सगळं सांगितलं आणि प्रत्यक्ष भेटलो असू बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. पहिल्यांदा भेटलो तेव्हा दोघींना बोलता येईना. चेहरा मधे आला.

एप्रिलमध्ये गेली. तिच्या मुलाने पोस्टकार्ड टाकलं, ते तेरावं झाल्यावर मिळालं. घरोघर फोन आलेत म्हणतात!

आता मला सातारा म्हणणारं कुणी नाही. मॅडम आहे, आत्या आहे, परवापासून आजी आहे.

म्हणजे मगदूम काढून टाकणार ती शालूची जागा. आणि त्याचं चुकतंय असंही नाही. जी बाई येणार नाही तिची जागा लोकांनी का ऐकावी?

२ डिसें.

उजवा डोळा फारच धुरकट. वर्तमानपत्र नाकाला लावून. मिरजेला दाखवायला जावंच लागणार. डॉक्टर इथेही आहेत, पण मोतीबिंदू काढायचा तर मिरज. साताऱ्यात भिंतीसुद्धा हेच सांगतात.

श्रीकांतला कळवलं. रजा बघतो म्हणाला.

२० डिसें., सातारा

बरेच दिवस लिहिलं नाही. डोळ्यावर पट्टी, मग वाकायचं नाही, मग लिहायचं नाही. आज काळा चष्मा लावून लिहितेय. ओळी वर चढत असतील, चढू देत.

आधी सांगलीला उतरून मगदूमकडून कॅसेट घेतली. कागद म्हणे टाईप होतोय. कॅसेट पिशवीतच ठेवून मिरजेला दवाखान्यात.

भरती करून घेणाऱ्या मुलीने विचारलं, "तुमच्याबरोबर कोण?"
"मी."
"तसं नाही, सोबत कोण?"
"माझ्यासोबत मीच असते."
तिने रकाना रिकामा सोडला. (श्रीकांतला रजा मिळाली नाही. ऑडिट.)

बायकांचा वॉर्ड. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या, सगळ्या उताण्या. प्रत्येकीच्या पायाशी सून नाहीतर लेक. खिडकीत एक टेपरेकॉर्डर, त्यात एकच भजनाची कॅसेट, ती एका ठिकाणी बसकी झालेली. विठ्ठलाला तिथे दर वेळी घरघर लागायची. दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी नर्सला म्हटलं, सिस्टर, देवाला तरी सुट्टी द्या.

सिस्टर रूथ. माझ्याच वयाच्या आसपास, आवाजावरून. बोलणं तोडून तोडून, स्वच्छ. म्हणाल्या, "दुसरी कॅसेट कुठून आणू? देणगीत भजनंच येतात." मग माझ्या तोंडून निघून गेलं, माझ्याकडे आहे. नंतर जीभ चावली.

"द्या की. फळीवर ठेवीन. वॉर्डातल्या बायका ऐकतील."
विकणार? नाही. कापणार? "कापू कशाला?" वर काही लावणार, जाहिरात, बासरी? हसल्या. "अहो, इथं बायका छताकडं तोंड करून पडलेल्या असतात. नुसतं कुणी बोललं तरी पुष्कळ."

अट घातली, मी असेपर्यंत लावायची नाही. घरी निघेन त्या दिवशी पिशवीतून काढून देईन. दिली. टॅब मोडायची राहिलीच.

एसटीत विचार येत होता, हे काय करून बसलीस? केबलवाला नको, रेडिओ नको, आणि दिलीस कुणाला, तर ज्यांना ती कॅसेट दिसतही नाही अशांना. पण चष्म्याआड डोळा मिटून गाव येईपर्यंत बरं वाटत होतं.

९ जानेवारी १९९६

मगदूमचा कागद पोस्टाने आला. टाईप केलेला, चुका पुष्कळ, पण अर्थ स्वच्छ. मूळ टेप त्याची. काटछाट त्याच्या मर्जीने. दुसऱ्या कुणाला कॉपी द्यायची नाही, फुकटसुद्धा नाही. नाव ट्रंक कॉल नाही, ‘आठवणींची शिदोरी’. शिदोरी! मी काय पुरचुंडी सोडून बसलेय?

पण जत्रांचा हंगाम धरून काढणार. प्रत्येक स्टँडवर, प्रत्येक जत्रेत. तासगाव, विटा, कराड. कव्हरवर माझा फोटो. त्याने घरी ऐकवली तेव्हा त्याची आई रडली म्हणे, हेही खाली हाताने लिहिलंय. हे शेवटचं वाक्य त्याने टाईप करायला सांगितलं नाही, म्हणून खरं असावं.

किती लोकांपर्यंत जाईल. श्रीकांतच्या तोंडावर टाकता येईल एक कॉपी.

१६ जाने.

संक्रांत झाली. वाटीभर तिळगूळ केला होता, जिन्यावरच्या मुलांना दिला. "गोड बोला" म्हणे. मला.

संध्याकाळी फोन वाजला. राँग नंबर. कुणीतरी घाईत होता. तरी मी "हॅलो" पूर्ण म्हटलं, नंबर सांगितला, तुम्हाला कोणता हवाय विचारलं. त्याने मधेच ठेवला. आता सगळे मधेच ठेवतात.

मगदूमला हो म्हणून टाकावं. नुसती जागाच तर जाणार आहे. शब्द राहतातच की.

३१ जाने., मिरज, एसटी स्टँडवर

डोळा उत्तम. डॉक्टर म्हणाले, चष्म्याचा नंबर पुढच्या वेळी.

सि. रूथना सांगितलं, कॅसेट परत हवी, सांगलीचा माणूस सोमवारी साताऱ्याला येतोय सही घ्यायला, त्याला मूळ टेप द्यायचीय. त्यांनी काढून दिली. पण चेहरा पडला. म्हणाल्या, "थोडं नुकसान झालंय. मला उशिरा कळलं."

काय नुकसान?

"तासगावकडच्या एक आजी होत्या. शेवंताबाई. टेप त्यांच्या उशाशी ठेवली होती. पट्टी असल्यामुळं चाचपून बटणं दाबायच्या. भलतं दाबलं. पुसलं गेलंय थोडं."

मी काय बोलले ते लिहीत नाही. वॉर्डातल्या दोन सुना उठून बाहेर गेल्या. सि. रूथ ऐकून घेत उभ्या राहिल्या, मग एवढंच म्हणाल्या, "घरी जाऊन ऐका. मग काय ते बोला."

आता एसटीची वाट बघतेय. समोर एक म्हातारा खोक्यातून बेदाणे विकतोय, मला देऊ करत होता, त्यालाही बोलले. विनाकारण.

१ फेब्रु., सातारा

ऐकली नाही. पिशवीतून काढलीसुद्धा नाही. विट्याच्या बायका पुसल्या गेल्या असतील तर? माझ्यापाशी दुसरी प्रत नाही. दोन डेकचं यंत्र न घेता पैसे वाचवले, भोग आता.

२ फेब्रु.

ऐकली.

पहिली तीन मिनिटं माझी. मग ती मोकळी जागा, घड्याळ. मग खट्. मग पुष्कळ खरखर, कुणाची तरी बांगडी टेपला आपटतेय. आणि एका बाईचा म्हातारा, ओला आवाज, अगदी जवळ:

"आवं बाई. का वं थांबलासा? बोला की."

पुन्हा बांगडी.

"मी शेवंता. तासगावची. ऐकाय येतंय न्हवं? न्हाई, तुमी इचारल्यागत थांबताय, म्हनून म्हनलं कुनीतरी बोलाय पायजे. ह्या समद्या झोपल्यात.
"माझा ल्योक फौजेत हुता. फोन आला म्हनून पोस्टातनं मानूस आला बलवाय. मी शेतात हुते, तशीच चिखलाच्या पायानं पळाले. त्यो म्हनला, आये, बरा हाय. मी म्हनलं, जेवलास का? पुढं काय सुचंना बगा. तवा मदी एक बाई आली. म्हनली, तीन मिन्टं झाली. मी घाबरले. म्हनलं, आता तोडत्यात. तर ती म्हनली, बोला आजी, मी थांबते. आन् तोडलाच न्हाई तिनं. लय येळ न्हाई तोडला."

मोठा श्वास.

"आजी तवा न्हवते मी. पर म्हनली आजी. मागनं ल्योक आलाच न्हाई परत. तेवढंच बोलनं झालं आमचं.
"आवं, ती तुमीच हुतासा का?"

आणि थांबली. माझ्यासारखीच. काही नाही, फक्त वॉर्डातलं कुणीतरी खोकतंय, आणि तिचा श्वास. बराच वेळ. ती खरोखर वाट बघत होती.

मग खट्. आणि माझाच आवाज, मधूनच, "...म्हणून सांगते, हॅलो हा नुसता शब्द नव्हे," ऐटीत.

विट्याच्या बायकांपैकी निम्म्या गेल्या.

३ फेब्रु.

ती मीच होते का? माहीत नाही. तासगावचे कॉल सांगलीवरून जायचे. पलटणीच्या गावाहून आला असेल तर पुण्यावरून, साताऱ्यावरून, सांगलीवरून. मी असेन. शालू असेल. पुण्याची कुणी असेल. लाइन न तोडणं नियमात नव्हतं. आम्ही सगळ्याच कधी ना कधी केलेलं आहे आणि कुणी कुणाला सांगितलेलं नाही.

कुणालाही आजी म्हणायची खोड शालूची. चाळिशीच्या बाईलाही म्हणायची.

सि. रूथना फोन लावला. आधी माफी मागितली, जमेल तशी. शेवंताबाईंचा पत्ता? तसा नाही देता येत म्हणाल्या, बरोबरच आहे. "पण येतील त्या. दुसरा डोळा पिकायचाय अजून. उन्हाळ्यानंतर म्हणून सांगितलंय." जाताना विचारत होत्या म्हणे, ती फोनची बाई काय म्हणाली?

त्यांच्या शेजारच्या खाटेवरची एक जण आता रोज विचारते, कॅसेट कुठाय.

उन्हाळ्यानंतर. शेवंताबाई नक्की किती वर्षांच्या आहेत ते विचारायचं धाडस झालं नाही.

४ फेब्रु., रविवार

श्रीकांतचा फोन आला. "मग आत्या, सांगलीवाल्याचं ठरलं? सही करून टाक गं. निदान लोक तरी ऐकतील." त्याचं बरोबर आहे. मगदूमही वाईट माणूस नाही. उद्या सकाळच्या एसटीने येतोय, त्याच्यासाठी पोह्यांची तयारी करून ठेवली. कागद टेबलावर आहे. त्यावर पेन ठेवलंय, उडू नये म्हणून.

दुपारी दार लावून घेतलं. कुकर लावला नाही. कॅसेट घातली. तिचा आवाज संपतो आणि ती थांबते, बरोबर त्या जागेवर आणून ठेवली. रेकॉर्डिंगची दोन बटणं एकदम दाबली.

काय सांगायचं ते ठरवून बसले होते. हो म्हणावं का. की खरं सांगावं, माहीत नाही म्हणून. की शालूचं नाव घ्यावं. यातलं काही बाहेर आलं नाही. जे आलं ते असं:

"सातारा बोलतेय. बोला शेवंताबाई, मी थांबते."

आणि बसून राहिले, टेप फिरत ठेवून. त्या मोकळ्या जागेखाली माझे आणखी किती शब्द पुसले जातायत ते दिसत होतं. घड्याळाकडे बघितलं नाही.

स्क्रूड्रायव्हर शिवणाच्या डब्यात आहे. टॅब मोडलेल्या नाहीत.